उंच मुलीचं काय करायचं?

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

मला 'महिला आणि पोलीस' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. हा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोन गोष्टी हमखास होतात. एक तर सगळ्याजणी एकदम बोलायला लागतात, कारण प्रत्येकीकडे ठाण्याचा एखादा तरी अनुभव असतोच. आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "ठाण्यात बायकाच नाहीत गं, म्हणून असं होतं." मीही बरीच वर्षं हेच म्हणत होते. आज या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. पण त्यासाठी तुम्हाला आधी मैदानावर नेते आणि मग ठाण्यात. कारण जिच्यामुळे मी या वाक्याचा नीट विचार करायला लागले, ती माझी मैत्रीण मैदानावरूनच ठाण्यात गेली.

तिचं नाव सांगत नाही. ती नोकरीत आहे आणि मी तिला तसा शब्द दिला आहे. शाळेत आम्ही तिला 'लंबू' म्हणायचो, इथेही तेच म्हणते. आठवीत असताना ती पाच फूट सहा इंच होती. आपल्याकडे मुलगा उंच असला की 'देखणा' म्हणतात. मुलगी उंच झाली की घरात बैठक बसते. तिची आज्जी रोज म्हणायची, "हिच्या मापाचा नवरा कुठून आणायचा?" वर्गात ती शेवटच्या बाकावर पाठीला बाक काढून बसायची. उंची कमी दिसावी म्हणून.

आमच्या शाळेत खेळाचे एक सर होते. त्यांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून बास्केटबॉलला ये." मैदान कसलं, मातीच. चुन्याच्या रेषा, दोन लोखंडी खांब, फळ्या आणि रिंगा. जाळी नव्हतीच. पण रिंग दहा फुटांवर होती, आणि त्या रिंगेखाली पहिल्यांदाच तिच्या उंचीचा उपयोग झाला. ती सेंटरला खेळायची, मी फॉरवर्डला. सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला गाठ मारून आम्ही खेळायचो. हाफ पँटचा विषय घरी काढायची सोय नव्हती. तरी सांगते, सहा महिन्यांत ती ताठ चालायला लागली. कुठल्याही शिबिरात, कुठल्याही समुपदेशनाने हे इतक्या लवकर झालं नसतं. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आहे, म्हणून जबाबदारीने बोलते.

या खेळाचा इतिहास मी पुढे वाचला. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो शोधला. दुसऱ्याच वर्षी सेंडा बेरेनसन नावाच्या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजच्या मुलींना तो शिकवायला घेतला. तिने फार मोठं काम केलं. पण त्या काळाला धरून नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि मुलींनी आपापल्या भागाची रेषा ओलांडायची नाही असं ठरवलं. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकवायचा नाही. का, तर मुली दमतील आणि त्यांचं बाईपण बिघडेल. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला, बायकांचा यायला १९७६ साल उजाडलं. म्हणजे रेषा आखणं हे काही फक्त आपल्या गावचं काम नाही. तीन भागांची ती गोष्ट जरा लक्षात ठेवा, मी परत तिथे येणार आहे.

आता आपल्या भागाकडे बघू. आपल्याकडे मुलींना गुण नाहीत असं कुणी म्हणू नये. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कप्तान होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या गरिबीमुळे जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवून दिवस काढले, हे तिने स्वतः वर्तमानपत्रांना सांगितलेलं आहे. पुढे ती तालुका क्रीडा अधिकारी झाली. आपल्या नांदेडची भाग्यश्री जाधव २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकच्या उद्घाटनात देशाचा झेंडा घेऊन चालली. बास्केटबॉलमध्ये पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कप्तान झाली. पण पुण्यात खेळायला पक्की कोर्टं आहेत, क्लब आहेत. खो-खोला दोन खांब आणि माती पुरते. बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर बाय पंधरा मीटरचं सपाट मैदान लागतं, बोर्ड लागतात, चेंडू लागतो. ज्या तालुक्याच्या शाळेत मुलींसाठी धड मुतारी नाही तिथे कोर्ट कुठलं? म्हणून आपल्याकडची उंच मुलगी बहुतेक वेळा मैदान न बघताच नवऱ्याच्या घरी जाते.

आणि ती केव्हा जाते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ बावीस टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आपल्याला लागून असलेल्या परभणीत हे प्रमाण अठ्ठेचाळीस टक्के होतं. त्याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपण 'मुलींनी खेळावं' म्हणतो तेव्हा त्या मुलीचं वय काय, तिच्या ताटात काय आणि तिच्या घरात कुठली बोलणी चालू आहेत, हे सगळं त्यात येतं.

लंबूचं लग्न दहावीनंतर ठरत आलं होतं. ते थांबलं कशामुळे? आपल्या प्रबोधनामुळे नाही. सरांनी तिच्या वडिलांना एक वाक्य सांगितलं, "खेळाच्या जागेतून पोरगी पोलिसात लागेल." एवढंच. सरकारी नोकरी हा शब्द उच्चारला आणि लग्न चार वर्षं पुढे गेलं.

यातला हिशेब नीट समजून घ्या, कारण आपल्या गटांतल्या मुलींच्या उपयोगाचा आहे. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं आणि सरकारी नोकऱ्यांत बायकांना तीस टक्के जागा ठेवल्या गेल्या. खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. ही दोन्ही आरक्षणं समांतर आहेत, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतून ती लागू होतात. कुठल्या स्पर्धेचं, कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं हे शासन निर्णयात ठरलेलं असतं. नुसतं प्रमाणपत्र चालत नाही, क्रीडा खात्याकडून ते पडताळून घ्यावं लागतं आणि अर्जाच्या मुदतीच्या आत घ्यावं लागतं. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं झाल्यापासून ही तपासणी कडक झाली. ते योग्यच आहे. पण कितीतरी खऱ्या खेळाडू मुली प्रमाणपत्र लोखंडी पेटीत ठेवून बसतात आणि जाहिरात आल्यावर धावपळ करतात.

लंबू विद्यापीठाकडून खेळली, राज्य स्पर्धा खेळली आणि पोलीस शिपाई म्हणून लागली. पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन फौजदार झाली. मी समाजकार्याला गेले. आमची वाट तिथे वेगळी झाली आणि मनातही थोडं अंतर पडलं. खरं सांगायचं तर मला तिचं पोलिसात जाणं आवडलं नव्हतं.

का आवडलं नव्हतं? इथे बसलेल्या वयाने मोठ्या ताईंना विचारा. या देशातली स्त्रियांची चळवळ पोलीस ठाण्याच्या दारातच उभी राहिली. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केला. खालच्या कोर्टाने त्यांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने ओरडा केला नव्हता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. मग बायका रस्त्यावर आल्या, संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. आपली मुळं त्या मोर्च्यांत आहेत. तेव्हा ज्या वर्दीविरुद्ध आपण घोषणा दिल्या तीच वर्दी माझ्या मैत्रिणीने घातली, हे मला पचत नव्हतं.

दुसऱ्या बाजूला आपणच मागणी करत होतो की ठाण्यात बाई पाहिजे. १९७२ मध्येच किरण बेदी भारतीय पोलीस सेवेत आल्या, त्याही राष्ट्रीय दर्जाच्या टेनिस खेळाडू होत्या. १९७३ साली केरळात कोझिकोडला पहिलं महिला पोलीस ठाणं निघालं. आपल्या चळवळीच्या रेट्यामुळे कायद्यात बाई अधिकाऱ्याची जागा तयार झाली. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही, अपवाद असेल तर बाई अधिकारी लागते. लैंगिक गुन्ह्यात पीडित बाईची तक्रार बाई अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची, हे २०१३ साली आलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. म्हणजे एकीकडे पोलिसांवर विश्वास नाही आणि दुसरीकडे पोलिसात बायका हव्यात. या दोन्ही गोष्टी आपण एकाच तोंडाने बोलतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, दोन्ही खऱ्या आहेत. पण त्यांचा मेळ घालायचं काम आपण केलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका रात्री मी एका बाईला घेऊन एका ठाण्यात गेले. नवऱ्याने काठीने मारलं होतं, डावा हात सुजून लोंबत होता. ठाणे अंमलदार म्हणाले, "एनसी घेतो, उद्या दोघांना बोलावून समजूत काढू." मी म्हटलं, "हाड मोडलंय, ही गंभीर दुखापत आहे, गुन्हा दाखल करा." ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?" तासभर हे चाललं. मग बंदोबस्तावरून एक गाडी आली आणि त्यातून एक उंच बाई उतरली. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही. त्या बाईला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, स्वतः जबाब लिहून घेतला, दवाखान्यासाठी पत्र दिलं. रात्री उशिरा गुन्हा दाखल झाला. बाहेर पडताना मागून हळूच आवाज आला, "ए फॉरवर्ड, चहा घेणार का?"

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला सांगितलं असतं की बघा, ठाण्यात बाई असली की न्याय मिळतो. पण चहा पिताना जे बोलणं झालं ते जास्त महत्त्वाचं आहे.

मी तिचं कौतुक केलं, तर ती म्हणाली, "थांब. आज तू होतीस. मागच्या महिन्यात अशाच दोघींना मी नांदायला परत पाठवलंय." मी एकदम चिडले. म्हटलं, "तू? तू बाई असून?" ती म्हणाली, "बाई असून काय? वरून सांगतात, घरगुती प्रकरणात गुन्ह्याचा आकडा वाढवू नका. मी एकटी. दिवसभर बंदोबस्तात उभी होते, तिथे लघवीला जायची सोय नाही म्हणून सकाळपासून पाणी प्यायले नाही. घरी लेकरू तापलंय. अशा वेळी 'जा गं, जमवून घे' हेच तोंडातून निघतं. माझ्या आईच्या तोंडातून निघायचं तेच."

मग ती आणखी एक गोष्ट बोलली. "ठाण्यात बाईची भानगड आली की ती माझी. खुनाचा तपास, दरोड्याचा तपास त्यांचा. मी मागितला तर म्हणतात, मॅडम, तुम्हाला कशाला त्रास?" तेव्हा मला ती मैदानाची तीन भागांची गोष्ट आठवली. खेळायला घेतलं, पण रेषा आखून. मी विचारलं, "खेळतेस का अजून?" म्हणाली, "पोलिसांच्या स्पर्धांत दोन वर्षं खेळले. मुलगा झाल्यावर बॉल हातात घेतला नाही. ज्याच्या जोरावर नोकरी लागली तेच सुटलं."

त्या रात्री आमचं भांडण झालं. मी म्हटलं, परिस्थिती कितीही असो, मार खाल्लेल्या बाईला परत पाठवायचा अधिकार तुला नाही. ती म्हणाली, तुम्ही संघटनेच्या बायका मोर्चा काढता तेव्हा आमच्या नावाने ओरडता, पण आम्ही उन्हात उभ्या असतो तेव्हा आमच्यासाठी एक तरी निवेदन दिलंय का? मैत्रिणींनो, मी खूप आठवून बघितलं. आपण दिलेलं नव्हतं. आम्ही दोघी आपापल्या ठिकाणी बरोबर होतो आणि दोघीही थोड्या चुकत होतो.

आता मी त्या पहिल्या वाक्याकडे येते. ठाण्यात बायका नाहीत म्हणून असं होतं का? माझं उत्तर असं: ठाण्यात बायका हव्यातच, भरपूर हव्यात, पण नुसती बाई बसवून ठाणं बदलत नाही. आमच्या खेळात सेंटर कितीही उंच असली तरी तिच्यापर्यंत चेंडूच पोचला नाही तर ती काय करणार? एकटी बाई अधिकारी ठाण्याच्या रीतीत मुरून जाते. तिने कायद्याने वागावं यासाठी बाहेरून आपला दबाव पाहिजे, आणि तिला तसं वागता यावं यासाठी आपला आधारही पाहिजे.

म्हणून आपल्या गटांनी करायची काही कामं मी सांगते.

पहिलं, कायदा पाठ करा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. नवरा-बायकोच्या वादात आधी थोडी चौकशी करायची मुभा त्या निकालात आहे आणि पोलीस तेच पुढे करतात. पण हात मोडला असेल तर तो 'वाद' राहत नाही. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्याने नाकारलं तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

दुसरं, महिला पोलिसांच्या प्रश्नावर बोला. २०२२ च्या जानेवारीत पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांऐवजी आठ तासांची करण्याचा आदेश काढला होता. तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात तो पाळला जातो का, विचारा. बंदोबस्ताच्या ठिकाणी संडास-मुतारीची सोय होते का, ठाण्यात बायकांसाठी कपडे बदलायला खोली आहे का, महिला अधिकाऱ्यांकडे सगळ्या प्रकारचे तपास दिले जातात का, हेही विचारा. या मागण्या तिला मांडता येत नाहीत, शिस्तीची नोकरी आहे. आपल्याला येतात.

तिसरं काम मैदानाचं. पहाटे मुखेड, कंधार, अहमदपूर, निलंग्याच्या रस्त्यांवर बघा, भरतीची तयारी करणाऱ्या मुली डांबरी रस्त्याच्या कडेने पळतात. शारीरिक चाचणीत त्यांना आठशे मीटर आणि शंभर मीटर धावायचं असतं, गोळा टाकायचा असतो. त्यासाठी त्यांना मैदान नाही, उजेड नाही, मागून मोटारसायकलवरून पोरं येतात. ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे मुलींसाठी मैदानाची ठरलेली वेळ मागा. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलांचं क्रिकेट असतं, त्यातले दोन दिवस मुलींना मिळालेच पाहिजेत. आणि ज्या मुलींकडे प्रमाणपत्रं आहेत त्यांची पडताळणी आत्ताच करून घ्यायला लावा.

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. आमच्या कामाच्या गावातली एक मुलगी तीनदा भरतीला उतरली. उंची बसली, धावण्यात चांगले गुण पडले, लेखी परीक्षेत दरवेळी थोडक्यात राहिली. गाव म्हणालं, पोरीची चार वर्षं वाया गेली. आई पण तसंच म्हणते. मी त्या आईला सांगितलं, "मावशी, हिशेब करा. या चार वर्षांत तिचं लग्न झालं नाही, बी.ए. पूर्ण झालं, अंगात रक्त आलं, अंधाराची भीती गेली. आणि आज गावातली कुठलीही बाई ठाण्यात जायची असली की तिच्यासोबत तीच जाते." मावशी काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी तिचे धावायचे बूट फेकले नाहीत, एवढं मी पाहिलं आहे.

खेळ नोकरीसाठी आहे असं आपण घरच्यांना सांगतो, सांगावंच लागतं, लंबूचं लग्न त्यानेच थांबलं. पण आपल्या मनात मात्र पक्कं असू द्या की नोकरी लागो न लागो, धावणं, उडी मारणं, चेंडू हिसकवून घेणं हा मुलीचा हक्क आहे. लंबू गेल्या दिवाळीत घरी आली होती. तिची मुलगी आता चौथीत आहे, वर्गात सगळ्यांत उंच. मी विचारलं, "हिचं काय करायचं?" लंबू म्हणाली, "आधी रिंग लावायची. मग बघू."

तुमच्या गावात रिंग कुठे लावता येईल, एवढा विचार करून घरी जा. तिथूनच सुरुवात करू.